गोत्र नसलेला शब्द

इंग्रजीतला 'डॉग' हा शब्द कुठून आला, हे कोणालाच माहीत नाही. ज्या भाषेत बटणापासून बादशहापर्यंत प्रत्येक शब्दाची वंशावळ शोधणारी माणसं पगारावर ठेवलेली आहेत, तिथे रोज तोंडी येणारा हा शब्द बेवारस आहे. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला 'हुंड' म्हणत. त्याचाच पुढे 'हाउंड' झाला. या हुंडाचं घराणं मोठं. संस्कृतातला श्वन्, लॅटिनमधला कानिस, ग्रीकांचा कुओन, सगळे त्याचे चुलतभाऊ. मग हजारेक वर्षांपूर्वी कधीतरी 'डॉग्गा' असा एक शब्द कुठल्याशा गल्लीतून आला. जुन्या लिखाणात तो फारसा सापडतही नाही, कारण लिहिणाऱ्या लोकांच्या तोंडी तो नसावा. डुक्कर, बेडूक, सांबर यांच्या इंग्रजी नावांची जुनी रूपंही अशीच 'ग्गा'नं संपतात. म्हणून काही विद्वान म्हणतात की ही गुराख्यांनी, डुकरं राखणाऱ्यांनी ठेवलेली घरगुती नावं असतील. बाकीचे विद्वान म्हणतात, असतीलही. यापलीकडे संशोधन गेलेलं नाही. तेवढ्यात या उपटसुंभानं घरच्या हुंडाला शिकारीपुरतं ठेवलं आणि स्वतः घरभर पाय पसरले.

आपण हसायचं कारण नाही. जुन्या मराठीत 'सुणें' होतं, श्वानाचं सरळ वंशज. ते गेलं आणि 'कुत्रा' आला. त्याच्या आईबापांबद्दल विचारलं की कोशकार एकमेकांकडे बघतात. स्पॅनिश लोकांनीही कानिसाला निरोप देऊन 'पेर्रो' नावाचा एक अनोळखी शब्द दारात बांधला, तो का, कोण जाणे. या एका प्राण्याच्या बाबतीत जगभर खानदानी शब्द बाहेर गेला आणि रस्त्यावरचा आत आला, याची मला मोठी मौज वाटायची. मी बनारसच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. कॉलेजात एका शब्दावर बोला असं आमंत्रण आलं तेव्हा मी हाच शब्द घेतला.

भाषणाची तयारी मी काकांसमोर करायची. आमचं घर रामघाटावर, आतल्या गलीत. पूर्वज इथे कधी आले याबद्दल घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांकडे पुरावा नाही. काका वेदपाठशाळेत शिकवतात, पाठशाळा आमच्याच वाड्यात, अंगणापलीकडे. काका-काकूंना मूलबाळ नाही, मला आईवडील नाहीत, तेव्हा आम्ही तिघं एकत्र राहतो. काकांना इंग्रजी येत नाही, पण शब्दांचं कूळ काढणं हा त्यांच्या दृष्टीनं माणसांचं कूळ काढण्याइतकाच सभ्य उद्योग. हुंड आणि श्वन् एका घरातले हे ऐकून ते खूश झाले. डॉगला गोत्रच नाही हे ऐकून त्याहून जास्त.

"म्हणजे इंग्रजांनी घरच्याला हाकलून रस्त्यावरच्याला गादीवर बसवलं."

"आपणही तेच केलं, काका. सुणें गेलं, कुत्रा आला."

"ते बोलण्यात. मंत्रात अजून श्वानच आहे," ते म्हणाले. आणि त्या एका वाक्यात त्यांनी समस्त भाषाशास्त्राला जागेवर बसवलं.

त्याच आठवड्यात बाबांची तिथी होती. माझे बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. बँकेत होते. श्राद्धावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि ते हे जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे. मला भाऊ नाही, म्हणून त्यांचं श्राद्ध काका करतात. अविश्वासू माणसाचं श्राद्ध त्याची अविश्वासू मुलगी माडीवर पेपर तपासत बसलेली असताना दरवर्षी यथासांग होतं. काकांच्या यथासांग या शब्दाला पळवाट नाही. रामघाटावर कोणाच्या घरी विधीत काही चुकलं तर निवाडा त्यांच्याकडे येतो. एकदा एका यजमानाच्या सोवळ्याला ओवळ्या पंचाचा स्पर्श झाला म्हणून त्यांनी अर्ध्यावरून सगळं पुन्हा करायला लावलं होतं. यजमानानं ते केलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गुरुजींना बोलावलं.

आमच्याकडे ब्राह्मण पानावर बसण्याआधी गाय, कावळा, कुत्रा यांचे वाटे बाहेर नेऊन ठेवतात. यातली एक गंमत मला लहानपणापासून वाटत आली आहे. शास्त्र म्हणतं, कुत्र्याची नजर पडली तरी श्राद्ध बिघडतं. आणि शास्त्रच म्हणतं, कुत्र्याला जेवायला घाला. म्हणून त्याचं पान दारापासून लांब, गलीच्या तोंडाशी ठेवायचं. बाकीची घरं पान ठेवतात आणि वळतात. काका पान हातात धरून आधी यमाच्या दोन कुत्र्यांचा मंत्र पूर्ण म्हणतात, सावकाश, स्वरासकट, आणि मगच पान खाली ठेवतात. यंदा पावसानं गंगा चढलेली होती, घाटावरचे कुत्रे गल्यांमध्ये चढून आले होते, आणि त्यांच्यापैकी एकाला मंत्र संपेपर्यंत धीर निघाला नाही.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी वर होते. मला फक्त काकांचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यात काहीच फरक नव्हता. ब्राह्मण जेवले, पिंड झाले, आम्ही जेवलो. खीर छान झाली होती.

चार दिवसांनी सकाळी काका अंगणात पाय धूत होते आणि मी दात घासत उभी होते. धोतर वर घेतलेलं होतं. डाव्या पोटरीवर हळद आणि चुन्याचा लेप वाळून तडकला होता आणि त्याच्या फटींतून काळपट भोकं दिसत होती. मी विचारलं, हे काय. पायरी लागली, म्हणाले.

"पायरीला दात असतात?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग मला हातानं खुणावून पाठशाळेच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होते. कुत्रा चावला, तेव्हा रक्त आलं. त्यांनी नळावर पाय धुतले, अंगावरचा रेशमी कद गडद तांबडा होता म्हणून डाग दिसला नाही, आणि ते येऊन पाटावर बसले. कुत्र्याचा स्पर्श झाल्यावर वस्त्रासकट नाहायला हवं होतं. रक्त आल्यावर विधी थांबवायला हवा होता. दोन्ही त्यांना माहीत होतं, त्यांच्याइतकं रामघाटावर कोणालाच माहीत नव्हतं. पण ब्राह्मण आत येऊन बसले होते.

"त्यांना उठवायचं म्हणजे तुझ्या बापाचं वर्षातलं एक जेवण गेलं."

मी म्हटलं, बाबांचा यावर विश्वास नव्हता.

"जेवणावर होता," काका म्हणाले.

मला हसू आलं असतं. पण चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत काकांनी फक्त हळद लावली होती. पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर काय होतं हे मला वाचून माहीत होतं. आठवडे, महिने काहीच होत नाही. माणूस खातो, पितो, शिकवतो. मग एक दिवस त्याला पाण्याचा घोट गिळता येत नाही, पाण्याचं नुसतं भांडं बघून घसा आवळतो, आणि त्या दिवसानंतर जगात कुठेही, कोणाकडेही, कसलंही औषध नाही. जे काही करायचं ते त्याच्या आधी. मी म्हटलं, आत्ता उठा. आत्ता दवाखान्यात जायचं.

ते उठले नाहीत. म्हणाले, डॉक्टर विचारणार, कधी चावला. मी खोटं बोलणार नाही. तिथे रांगेत रामघाटाचं कोणीतरी असणारच, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार की श्राद्ध चालू असताना याला कुत्रा चावला आणि यानं त्याच हातांनी पितरांना वाढलं. ते अन्न जेवलेल्या दोन ब्राह्मणांतला एक पाठशाळेत त्यांच्या शेजारच्या खोलीत शिकवत होता. माणसाची हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली असली की स्वतःची एक चूक ठेवायला त्याच्या घरात जागाच नसते. शेवटी मी रामनगरचं नाव काढलं. नदीपलीकडे, तिथे आपल्याला कोण ओळखतंय. त्यांनी धोतर घोट्यापर्यंत खाली घेतलं आणि ते म्हणाले, "काकूला सांगू नकोस."

मी काकूला सांगितलं की कॉलेजात एका शब्दाबद्दल काकांना विचारायचं आहे, मी त्यांना घेऊन जाते. काकू म्हणाली, जा. नावा बंद होत्या, म्हणून मैदागिनच्या चौकापर्यंत चालत आणि पुढे ऑटोनं पुलावरून. काकू गलीच्या टोकापर्यंत आली. चालताना जपा, एवढंच म्हणाली.

रामनगरच्या दवाखान्यात बरीच गर्दी होती. बाकावर बसल्या बसल्या काकांनी विचारलं, त्या तुझ्या डॉगचे अजून काय काय अर्थ आहेत. मला कळलं की त्यांना भीती वाटते आहे. मी सांगत गेले. एखाद्याच्या पाठीमागे चिकटून राहणं याला इंग्रजीत तेच क्रियापद. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला की तो कुत्र्याचा कान. मोडकंतोडकं, अशुद्ध लॅटिन म्हणजे डॉग लॅटिन.

"तसलं संस्कृत आपल्याकडे पुष्कळ आहे," काका म्हणाले. "शाल पांघरून बोलतात."

लाकडाचा ओंडका घट्ट धरून ठेवणारा लोखंडी आकडा, त्यालाही डॉग म्हणतात, मी सांगितलं. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. काकांनी पोटरीकडे पाहिलं. यानं सोडलं, म्हणाले.

डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्यानं हिंदीत विचारलं, कधी चावला. काकांनी तिथी सांगितली. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी तारीख सांगितली, आणि मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"इतने दिन क्या कर रहे थे, पंडित जी?"

"पढ़ा रहा था।"

त्यानं लेप साबणानं धुवायला लावला. दंडात एक सुई दिली आणि जखमेच्या भोवती बऱ्याच. काका ओठ हलवत काहीतरी म्हणत राहिले आणि घाम त्यांच्या शेंडीतून मानेवर उतरत राहिला. सुया ठरलेल्या दिवशी घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, डॉक्टरनं बजावलं. मग विचारलं, कुत्रा कुठे आहे? चावल्यापासून दहा दिवस तो धडधाकट दिसला तर आपण सुटलो. मेला, किंवा दिसेनासा झाला, तर सुटलो असं म्हणता येणार नाही.

"कैसा था?"

काकांनी विचार केला. मध्यम, म्हणाले. पिंगट.

त्या दिवसापासून मी कुत्रा शोधायला लागले. कॉलेज सुटलं की रामघाटापासून कालभैरवापर्यंतच्या गल्या. मला या प्राण्याच्या नावाचे डझनभर अर्थ येत होते, सात भाषांतली त्याची नावं येत होती, आणि एका विवक्षित कुत्र्याचं वर्णन करायला माझ्याकडे मध्यम आणि पिंगट एवढे दोन शब्द होते. काशीतला प्रत्येक कुत्रा मध्यम आणि पिंगट आहे. पुन्हा तो कालभैरवाचा, म्हणजे कोणाचाच नाही, त्याला नाव नाही, मालक नाही, त्याची कोणी मोजदाद ठेवत नाही. मी पानवाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. लोक मदत करायला फार उत्सुक होते. एकानं मला शेजारच्या घरातला पांढरा पामेरियन आणून दाखवला. "दीदी, यहाँ तो सब भूरे हैं," दूधवाला म्हणाला. "जो चाहिए ले जाइए।"

घाटाच्या वरच्या पायरीवर हार विकणारी एक बाई होती. तिनं माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. परवा इथे एक कुत्रा मेला, ती म्हणाली. तोंडाला फेस होता. पोरांनी बांबूनं ढकलून गंगेत सोडला.

मी विचारलं, कसा होता.

"भूरा।"

खाली पाणी पायऱ्या गिळत वर आलं होतं आणि गढूळ, वेगानं चाललं होतं. तो तोच होता का? असेल. दुसरा कुठला असेल. विचारायचं कोणाला? तिनं माझ्या हातात एक गजरा दिला आणि घरी जा म्हणाली.

घरी काकांना मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या सुईला ते आले, निमूट. येताना ऑटोत म्हणाले, कुत्रा मिळाला का? मी म्हटलं, शोधते आहे. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या सुईचा दिवस आणि माझ्या भाषणाचा दिवस एकच निघाला. भाषण सकाळी होतं, सुई दुपारी.

कॉलेजचा कार्यक्रम म्हणजे आधी दीप, मग सरस्वती, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाला हार, आणि मग हार घालणाऱ्यांना हार. माझ्या भाषणापर्यंत पोचेस्तोवर निम्मी मुलं नाश्त्याच्या दिशेनं बघत होती. मी हुंड सांगितला, डॉग्गा सांगितला, गोत्र नसलेला शब्द म्हटल्यावर मुलं हसली. मग प्रमुख पाहुणे उठले. त्यांनी सांगितलं की इंग्रजीतला प्रत्येक शब्द मुळात संस्कृत आहे, विदुषींना डॉगचं मूळ सापडलं नाही कारण त्यांनी ते परदेशात शोधलं. दौडून जातो तो डॉग. ज्या माणसानं शब्दाला एका वाक्यात आईबाप मिळवून दिले त्याच्या टाळ्या माझ्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. त्यांनीच मला शाल आणि नारळ दिला. शाल पांघरवत असताना माझा फोन वाजला. काकू होती. ती मला कॉलेजात कधीच फोन करत नाही.

"आज जिथे जायचं ठरलंय ना, तिथे हे येत नाहीत म्हणतात. तू ये."

जिथे जायचं ठरलंय, म्हणजे कुठे, हे तिला कोणी सांगितलं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मी नारळ हातात घेऊन ऑटो पकडली.

काका पाठशाळेच्या खोलीत बसले होते. विद्यार्थ्यांना सुट्टी दिलेली होती. शेजारच्या खोलीत शिकवणाऱ्या त्या ब्राह्मणाला दोन दिवसांपासून ताप होता, सकाळी त्यांच्या घरून निरोप आला होता की उतरत नाही. श्राद्धाला जेवलेल्या दोघांपैकी तो एक.

मी म्हटलं, पूर ओसरला की अर्धं बनारस तापानं पडतं, दरवर्षी पडतं. ते म्हणाले, हो. मी म्हटलं, कुत्र्याच्या चावण्याचा आणि खिरीचा काही संबंध नसतो. ते म्हणाले, वैद्यकात नसेल. मी म्हटलं, सुई आजच घ्यायची आहे, आज चुकवायची नाही. ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांना दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगते आहे. मग म्हणाले, माझ्या घरचं बाटलेलं अन्न त्याच्या पोटात गेलं, आणि मी मात्र नदीपलीकडे लपून औषध घेतो. आता नको. जे आलं आहे ते माझ्यासाठी आलं आहे, ते मला घेऊ दे.

मग मी हारवाल्या बाईनं सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. फेस, बांबू, गंगा. वाटलं, भीतीनं तरी उठतील. त्यांनी डोळे मिटले.

"मग तर ठरलंच," ते म्हणाले.

मी रडले, ओरडले. बाबांना मध्ये घातलं. बाबा असते तर तुम्हाला फरपटत नेलं असतं, म्हटलं. काकांनी डोळे उघडले.

"तो उपाशी आहे गं. सांग मला. पोचलं का त्याला?"

"पोचलं," मी म्हटलं. "पोचलं, काका. जेवले बाबा."

त्यांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. "तू कुठे मानतेस? तुझ्या 'हो'ला काय अर्थ?"

मी आयुष्यभर जे मानलं नाही त्याचा मला अभिमान होता. त्या खोलीत, खांद्यावर शाल आणि कुशीत नारळ घेऊन, मी ते सगळं एका वाक्यासाठी देऊन टाकलं असतं. काकांनी खरं मानावं असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. जे मानतात त्यांना जाऊन विचारावं तर ते श्राद्ध मोडलं म्हणून सांगतील. आणि मी, जिला ते अजिबात मोडलेलं नाही असं ठाम वाटत होतं, तिचं मत मोजण्यात धरलं जात नव्हतं.

काकू दारात उभी होती. किती वेळ ते मला ठाऊक नाही. तिनं पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि आत येऊन काकांच्या समोर खाली बसली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

काकांनी काय म्हणून विचारलं.

"रक्त. खीर वाढायला वाकले तेव्हा. तुमच्या पाटापाशी फरशीवर थेंब होता. मी पदरानं पुसला आणि तोच पदर खोचून पुढे वाढलं."

"कळलं होतं तुला?"

"तुमच्या चालण्यावरून कळलं होतं. गलीतून आलात तेव्हाच."

"आणि गप्प राहिलीस."

"तुम्ही राहिलात म्हणून. मला वाटलं, यांनी ठरवलंय तर काहीतरी पाहूनच ठरवलं असेल. रामनगरला चाललात तेही कळलं. औषध घेताय तर घेऊ दे, म्हटलं, लाज वाटते तर माझ्यापासून लपवू दे." ती थांबली. "मोडलं असेल तर दोघांनी मोडलंय. तुम्ही एकटे कसे भोगणार ते? मला कुठे चावलाय कुत्रा?"

काका तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिच्याकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं. एखादा पाठ असलेला मंत्र कोणी वेगळ्याच स्वरात म्हणावा आणि तोही बरोबर निघावा, तसे. मग त्यांच्यातला निवाडा करणारा माणूस जागा झाला.

"खीर पहिल्यांदा वाढत होतीस की दुसऱ्यांदा?"

"पहिल्यांदा."

"म्हणजे ब्राह्मणांनी अजून घास घेतला नव्हता."

"नव्हता. मला उठवता आले असते. मी नाही उठवले. भाऊजी वर्षातून एकदा येतात जेवायला, मी वाढलं."

तिनं ते असं सांगितलं की जणू बाबा त्या दिवशी तिसऱ्या पानावर बसलेच होते आणि तिनं त्यांना वाढलेलं तिला आठवत होतं. मी माझ्या डिग्र्यांसकट जे सांगू शकले नव्हते ते तिनं खिरीच्या डावासकट सांगितलं. काकांनी तिच्यावर विश्वास ठेवला की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग विचारलं, तो दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो.

आम्ही तिघं गेलो. काकू ऑटोत मध्ये बसली. डॉक्टर टेबल आवरत होता. इतका उशीर केल्याबद्दल तो आधी माझ्यावर रागावला. कुत्र्याचं मी सांगितलं तेव्हा राग गेला आणि तो जास्त हळू बोलायला लागला. काकूनं त्याला सरळ विचारलं, ये बच जाएँगे ना? पहिली सुई आणि जखमेतलं औषध चार दिवस उशिरा पडलं आहे, तो म्हणाला, पण पडलं आहे. उरलेल्या सगळ्या घ्या. बहुतेक लोक वाचतात. बहुतेक, तो पुन्हा म्हणाला, आणि काकांच्या दंडावर कापूस दाबून धरला.

उरलेल्या सगळ्या घेतल्या. त्या ब्राह्मणाचा ताप उतरला. काका स्वतः त्यांच्या घरी गेले, मग दुसऱ्यांच्या, आणि दोघांना सगळं सांगितलं. एकानं प्रायश्चित्त घेतलं, आणि आता तो आमच्या गलीतून जाताना वर बघत नाही. ज्यांना ताप आला होता ते म्हणाले, खीर चांगली होती. रामघाटावर आता निवाड्यासाठी काकांकडे कोणी येत नाही. पाठशाळा चालू आहे.

अजून महिने जायचे आहेत. कधीकधी वर्ष जातं आणि मग दिसतं, असं मी वाचलं आहे, आणि ते काकूला सांगितलेलं नाही. काका रोज सकाळी संध्येला बसतात. संध्येत आचमन असतं. तळहातावर थोडंसं पाणी घ्यायचं आणि गिळायचं, तीनदा. काकू तेव्हा स्वयंपाकघरात असते आणि मी दाराशी चप्पल घालत असते. पहिल्या घोटाला तिचा विळीवरचा हात थांबतो. काकांना हे माहीत आहे. पूर्वी ते आचमन निःशब्द करायचे, आवाज होऊ नये असं मुलांना शिकवायचेही. आता ते पाणी आम्हाला ऐकू येईल असं पितात. तिसरा घोट उतरला की भाजी चिरल्याचा आवाज परत सुरू होतो, आणि मी कॉलेजला जाते. संध्याकाळची संध्या अजून बाकी असते.